सवत आली हिरव्या रंगाची

मी बोलतेय ती दाराआडच्या खिळ्यावरून. मी एक बॅग, काळी, लॅपटॉपची. पोटात ठेवणं हेच माझं काम, पण आज मात्र ठेववत नाही.

जळगावच्या एका बियाण्याच्या कंपनीने मला प्रवीणच्या हाती दिलं, तो नोकरीला लागला त्याच दिवशी. तेव्हापासून बारा वर्षं मी त्याच्या डाव्या खांद्यावर होते. राज्याच्या सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, शनवारा मोहल्ल्यातल्या घरातून सकाळी सातला निघायचं आणि दिवसभर दुकानदार, टार्गेट, मीटिंग. त्याचा डावा खांदा कायमचा खाली आला तो माझ्या ओझ्याने. खोटं कशाला बोलू, मला त्याचा तोरा होता.

एकदा इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेलो. बायको जयश्री नारळ घेऊन पुढे, आम्ही दोघं मागे. निम्म्या पायऱ्या चढलो आणि साहेबांचा फोन आला. प्रवीणने तिथेच पायरीवर बसून लॅपटॉप उघडला, आणि काम संपल्यावर देवी न बघताच खाली उतरला. जयश्री वरून एकटीच आली. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं माझा पट्टाच मळलाय.

आणि मग एक दिवस ती आली. हिरवीगार, उंच, पाठीवर घ्यायची सॅक. डोंगरदऱ्यांत हिंडायला म्हणे! प्रवीण तिला रोज कपाटावरून खाली काढायचा, तिचे पट्टे लावून बघायचा, पुन्हा वर ठेवायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नटवी मेली! इतके खिसे लागतात कशाला? मी तीन खिशांत बारा वर्षं काढली.

एकदा तो मित्राला फोनवर सांगत होता, "निम्मा पगार बाजूला टाकत आलो ना यार, आता घर चालेल इतकं झालंय. बस, आता नोकरी नको. फिरायचं." नोकरीच नसली तर मला कोण विचारतो?

साहेबांशी त्याचं महिनाभर बिनसलेलं होतं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका संध्याकाळी तो घरी आला. वडील सदाशिवराव नेपानगरच्या कागदाच्या मिलमधून निवृत्त झालेले. त्यांनी दारातच विचारलं, "काय झालं रे तुझ्या साहेबाचं?"

"राजीनामा झाला, बाबा." 'दिला' म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

"वा! मी बोल्लो होतो ना, झगडा करून फायदा नाय. आमच्या मिलमधी बी हडताल झाली, आखरीले राजीनामाच झाला!" आणि म्हातारा चपला घालून मावा जिलेबी आणायला निघाला.

जळगावच्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इथल्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट. प्रवीणने खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यात जिलेबी पडली.

मग पाच दिवस तो मला खांद्यावर टाकून ऑफिसला म्हणून निघायचा आणि तापीच्या काठी जाऊन बसायचा. लॅपटॉप कंपनीला परत गेला होता, माझ्या पोटात नुसता डबा. मला उशाला घेऊन तो रेतीत आडवा व्हायचा. खंड्या पाण्यात सूर मारायचा, आणि प्रवीण लहान पोरासारखा हसायचा. बारा वर्षांत मी त्याचं हे हसू ऐकलंच नव्हतं. माझ्या फाटक्या अस्तरात रेती शिरत होती. सवत कपाटावर धूळ खात होती आणि मी नदीकाठी! देवा, हे खोटं कधीच उघडं पडू देऊ नकोस, असं मी रोज म्हणायचे.

सहाव्या दिवशी जयश्रीने डबा काढायला हात घातला आणि हाताला रेती लागली.

"अहो, ऑफिसमधी रेती कुठून आली?"

प्रवीण वडिलांकडे वळला. मग म्हणाला, "बाबा, तो राजीनामा मराठीवाला होता."

"मंजे?"

"इस्तीफा."

सदाशिवराव मटकन खाटेवर बसले. "मंग मराठीत कायले बोल्ला रे?"

जयश्री मात्र नोकरीवरून भांडली नाही. रेतीची मूठ तिने त्याच्यासमोर धरली. तिचे डोळे भरले होते. "नोकरी सोडली, चालेल. बारा साल मी तुमची वाट पाहिली. अन् पहिल्यांदा नदीवर गेलात, तर हिला घेऊन? मले कामून नाही नेलं?"

हिला म्हणजे मला.

त्या घरात खरी सवत कोण होती, ते मला तेव्हा कळलं.

आता दोघं पचमढीला गेलीत. हिरवी त्याच्या पाठीवर आहे आणि जयश्री बरोबर चालतेय. माझा मत्सर गेला म्हणाल, तर नाही गेला. अजून जळतेच आहे. जाताना जयश्रीने घरकामाच्या मालूबाईला सांगितलंय, "ही बॅग धुऊन घेऊन जा, पोरीला शाळेत होईल."

मालूबाई उद्या येईल. ने बाई मला, खुशाल ने. वह्या भर, डबा भर, पट्टा तुटला तर शिवून घे. फक्त उलटी करून झटकू नकोस. अस्तराच्या कोपऱ्यात चिमूटभर रेती राहिलीय, जयश्रीच्या हाताला न लागलेली. पाच दिवस तो माझा होता. तेवढी माझ्यापाशी राहू दे.