राखीचा अहवाल

गुरुवारी सकाळी सनीच्या टेबलासमोर अकरा मुले उभी होती आणि माझ्या दारासमोर एकही नव्हते. मी मोजली. मोजण्यातच माझे उच्च शिक्षण झाले आहे.

जिल्ह्याच्या करिअर केंद्रात आम्ही दोघेही कंत्राटी. नोकरी शोधणाऱ्या मुलांनी येथे विनाशुल्क नाव नोंदवावे, कल चाचणी द्यावी. कारखानदारांनी आपल्याकडील रिकाम्या जागा कळवाव्यात. आणि दोघांची गाठ घालून द्यावी, एवढेच या केंद्राचे काम. मी समुपदेशक आहे. जिल्ह्यातील सुशिक्षित बेरोजगारी हा माझ्या डॉक्टरेटचा विषय. त्यासाठी मी तीनशे मुलाखती घेतल्या आणि चारशे बारा पाने लिहिली. त्या तीनशेंपैकी एकालाही माझ्यामुळे नोकरी लागली नाही. प्रबंधामुळे मलाही लागली नाही. नऊ वर्षे गंगापूर रोडच्या भाड्याच्या खोलीतून तासिका तत्त्वावर शिकवायला गेले आणि दहाव्या वर्षी या खुर्चीत येऊन बसले. माझ्या पाटीवर ‘डॉ. उज्वला’ असे असल्यामुळे कधीकधी एखाद्या मुलाची आई आत येते आणि गुडघ्याचे दुखणे सांगते. केंद्रातील माझे अभ्यागत हे असे.

सनी येवल्याचा. घरी पैठणीचे दोन माग. त्यांवर बसायचे नाही म्हणून याने बाहेरून बी. कॉम. केले. हुद्दा उद्योग समन्वयकाचा. पुस्तक त्याच्या हातात मी कधी पाहिले नाही. मागणीपत्र आले की तो ते घडी करून खिशात घालतो, मोटारसायकलवरून त्या कारखान्यात जातो आणि जिथे माणूस हवा आहे तिथे दोन तास नुसता उभा राहतो. परत येऊन फळ्यावर लिहितो : ‘आठ तास उभं राहायचं. आवाज लय. साहेब ओरडतो पण सुट्टी देतो. बस पावणेसातला, चुकली तर दुसरी नाय.’ मुले ते वाचतात, आपसांत हसतात आणि ज्याला झेपेल तो पुढे होतो. गेल्या वर्षात त्याने लावलेल्या एकशे चाळीस मुलांपैकी सोडून आलेली केवळ नऊ. हा आकडाही मीच काढला. त्याला तो ठाऊक नव्हता. अशा माणसाबद्दल मला जे वाटत होते त्याला माझ्या विषयात अनेक भारदस्त संज्ञा आहेत. मराठीत त्याला मत्सर म्हणतात.

त्या गुरुवारी अकरा मुलांना वाटेला लावून तो माझ्याकडे आला.

“डॉक्टर मॅडम, राखीच्या कागदावर तेवढी सही मारा ना. विंचूरला मंगळवारी तिघांना बोलावलंय.”

विंचूरच्या वाइन पार्कमधील एका छोट्या वाइनरीला प्रयोगशाळेत मदतनीस हवा होता. द्राक्षे यायला तीन आठवडे उरले होते. राखी तिथून जवळच्याच गावची, रसायनशास्त्रात बी. एस्सी. होऊन दीड वर्ष घरी बसलेली. केंद्राचा नियम असा की, अहवालावर ‘समुपदेशन पूर्ण’ असा शेरा आणि माझी सही असल्याशिवाय उमेदवाराचे नाव मालकाकडे जात नाही. या इमारतीत माझ्या हाती असलेली सत्ता ती एवढीच.

“सही मारत नाहीत, करतात,” मी म्हणाले. “आणि इतक्यात करता येणार नाही. कल चाचणीत तिचे भाषिक गुण कमी आहेत. दोन बैठका व्हायला हव्यात.”

“भाषण नाय द्यायचं तिला. नमुने तपासायचेत.”

“नियम मी केलेला नाही.”

“नाय, नियमाचं बरोबरच हे तुमच्या. बैठका कधी मग?”

“एक सोमवारी. दुसरी पुढच्या गुरुवारी.”

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. “मंगळवार मधीच येतो की हो, मॅडम.”

“येतो,” मी म्हणाले.

तो वाद घालेल, वरिष्ठांकडे जाईल, निदान आवाज चढवेल, अशी माझी अपेक्षा होती. उत्तरे तयार होती. त्याने मान हलवली आणि विचारले, “चहा सांगू का?”

राखीच्या अहवालातील माझा प्रत्येक शब्द कोणत्याही समितीपुढे टिकला असता. भाषिक गुण खरोखरच कमी होते. पण सही न करण्याचे कारण ते नव्हते. आदल्या आठवड्यात मी तिला आत बोलावले, ‘व्यवसायनिवडीविषयी तुझ्या मनात काही शंका आहेत का?’ असे विचारले, तेव्हा ती दारातच थांबून म्हणाली होती, “नाय मॅडम, सनीदादांनी सांगितलं तेवढं बास झालं.” तिने ते अगदी आदराने सांगितले होते. बास झालेल्या त्या गोष्टीचा सूड मी तिच्या गुणपत्रिकेवर घेत होते, हे मला स्पष्ट दिसत होते आणि दिसूनही माझे पेन हलत नव्हते.

सोमवारी ती साडेआठच्या एसटीने आली. सनी सिन्नरला गेला होता. मी तिच्यापुढे अकरा पानांची प्रश्नावली ठेवली. ती मीच तयार केली आहे. सातव्या प्रश्नाशी ती अडली. ‘आपल्या व्यक्तिमत्त्वातील बलस्थाने नमूद करा.’

“बलस्थान म्हंजे, मॅडम?”

“तुझ्यात विशेष असे काय आहे ते.”

ती ओशाळून हसली. “विशेष काय असणार. सनीदादांनी येगळं विचारलं होतं.”

“काय विचारले होते?”

“घरातली माणसं कोणत्या कामाला अडली की म्हणत्यात, राखीला हाक मारा?”

मी पेन खाली ठेवले. “मग तू काय सांगितलेस?”

“वास घ्यायला.” तिने माझ्याकडे पाहिले, मी हसत नाही असे पाहून पुढे म्हणाली, “आई कांद्याच्या खळ्यावर निवडीला जाती. कुसाबाई तिचं नाव. सुट्टीत मी बी जायची. आत एक कांदा जरी नासला ना, तर गोणी उघडायच्या आधी मी सांगायची, ही नका भरू. पहिल्यांदा व्यापारी शिव्या द्यायचा. मग तोच आईला म्हणायला लागला, कुसाबाई, पोरीला आण. कॉलेजातबी सर अ‍ॅसिडच्या बाटल्यांची लेबलं गेली की मला बोलवायचे. म्हणायचे, लांबूनच घे गं बाई.”

“हे सनीने मालकांना कळवले आहे?”

“नाय. म्हणले, मंगळवारी सोबत येतो आन् समक्ष सांगतो. आई म्हणती, दारूच्या कारखान्यात नाक घेऊन चालली, उद्या झिंगून येशील.”

तीनशे मुलाखती, प्रत्येकीत बेचाळीस प्रश्न : मी माणसांना बारा हजार सहाशे प्रश्न विचारले आहेत. त्यांत हा प्रश्न नाही. येवल्याच्या बहिःस्थ पदवीधराने तो चहा पिता पिता विचारला, आणि उत्तर तो कागदावर लिहूनही ठेवणार नव्हता. तोंडाने सांगून मोकळा होणार होता.

ती गेल्यावर मी तिचा अहवाल पुन्हा उघडला. पश्चात्ताप झाला असे लिहिले तर ते खोटे होईल. मी हिशेब केला. सही नाकारली तर ती मुलगी घरी बसेल आणि तिचे नाक सनीचेच राहील. उद्या तो तिला दुसरीकडे नेईल आणि तिथे सांगेल. सही केली तर ते माझे होऊ शकत होते.

मी लिहिले : ‘समुपदेशकाने घेतलेल्या सखोल बैठकीत उमेदवाराची असाधारण गंधसंवेदना निदर्शनास आली. कांद्याच्या बंद गोणीतील नासाडी ती केवळ वासावरून ओळखत असे. प्रयोगशाळेतील प्रस्तावित कामासाठी हा गुण भाषिक कौशल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरावा. दुसऱ्या बैठकीची आवश्यकता वाटत नाही.’ ‘समुपदेशन पूर्ण’ असा शेरा मारून सही केली आणि अहवाल स्वतःच विंचूरला ईमेलने पाठवला. एकही वाक्य असत्य नव्हते. एक नाव तेवढे गाळले होते.

बुधवारी सनी थेट माझ्या खोलीत आला आणि न विचारता खुर्ची ओढून बसला.

“मॅडम, काय लिहिलं हो तुम्ही. मी तोंड उघडायच्या आधी महेश सर म्हणले, थांबा, अहवाल वाचलाय.”

महेश हे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख.

“मग?”

“मग काय. तिघांपुढं पाच-पाच ग्लास ठेवले, नाव ना नंबर. बाकीचे दोघं पुस्तकातलं बोलत बसले. हिनं एकेक हुंगला आन् चौथा बाजूला सरकवला. म्हणली, ह्याचं आंबट व्हायला लागलंय. सरांनी तिथंच सांगितलं, उद्यापासून ये.”

त्याच्या चेहऱ्यावर मी शोध घेतला. कुठे तरी ओरखडा असेल, निदान एखादे कडवट वाक्य जिभेवर थांबले असेल. काही नव्हते. त्याची वस्तू मी भर दिवसा उचलली होती आणि ती हरवल्याचे त्याच्या गावीही नव्हते. इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “हां राखी. बोल. कसा चाललाय पहिला दिवस? थांब, मॅडमशीच बोल.” त्याने फोन माझ्यापुढे धरला. “घ्या. तुमचीच पोरगी हे.”

“मॅडम,” राखी म्हणाली, “थँक्यू. सरांनी तुमचा कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला.” मागे कुठे तरी पंप चालू होता. “पण मॅडम, ते तर सनीदादांनी विचारलं होतं ना? मी तुम्हाला सांगितलं होतं.”

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरेच कळत नव्हते.

“आवाज नीट येत नाही,” मी म्हणाले आणि फोन परत दिला.

सनीने तो कानाला लावून पाहिला; मी बंद केला होता. “काय म्हणली?”

“आभार मानले.”

“मानायलाच पाहिजेत.” त्याने खिशातून घडी केलेले एक मागणीपत्र काढून माझ्या टेबलावर सपाट केले. “मॅडम, एक ऐकाल का? माझ्या बोलण्याला ते मालक लोक मान हलवतात आन् विसरून जातात. तुमचं लिहिलेलं त्यांनी जपून ठेवलंय. आता पुढच्यांचं पण तुम्हीच लिहीत जा. मी फक्त सांगत जाईन. नाव तुमचंच राहू द्या, मला काय करायचंय नावाचं.”

ते त्याने मला उदारपणे देऊन टाकले. मी चोरले होते तेही, आणि चोरायचे राहिले होते तेही.

बाहेर फळ्यासमोर मुले जमू लागली होती. मी कोरा कागद पुढे ओढला, पेनाचे टोपण काढले आणि विचारले, “उमेदवाराचे नाव?”