पाय न टेकता

पाडव्याला साताऱ्यात आमच्या यादोगोपाळ पेठेत जो तो काही ना काही धरी. कुणी सोळा सोमवार धरी, कुणी तपकीर बंद करी. माझा भाऊ शरच्चंद्र सायकलचे बेत करी. एका पाडव्याला त्याने ठरवलं, यंदा कोरेगावला जाऊन त्याच दिवशी परत यायचं, आणि चैत्र संपायच्या आत जाऊन आला. पुढच्या वर्षी कऱ्हाड धरलं. लढाईमुळे टायर मिळत नव्हते, म्हणून त्याने फाटक्या टायरच्या आत जाड कापडाची पट्टी शिवून घातली आणि कऱ्हाडला संगमावर आंघोळ करून दिवेलागणीला घरी आला. शेजारचे हरीकाका भिक्षुकी करत. ते त्याला म्हणत, "शरू, त्या सायकलची एकदा मुंज लाव रे. म्हणजे तीही घटकाभर एका जागी बसेल."

पेठेला हे मजेचं वाटे. आमच्या घरात मात्र कुणी हसत नसे.

दादा लहान असताना त्याचे सांधे सुजून मोठा ताप आला होता. तो ताप जाताना काळजाची झडप बिघडवून गेला, असं पुढे सांगलीच्या एका डॉक्टरांनी निदान केलं. शाळेत, पुढे कचेरीत जाण्यापुरती सपाटीवर सायकल चालेल, पण चढ चढायचा नाही, धावायचं नाही, ओझं उचलायचं नाही. जपलं तर बरीच वर्षं काढील, असं ते म्हणाले. वडील आधीच गेले होते. आईने हे दुखणं पोटात ठेवलं. दादाचं लग्न व्हायचं होतं, पुढे माझंही व्हायचं होतं. काळजाचं दुखणं असलेल्या घरात कोण मुलगी देतो आणि कोण तिथली मुलगी करतो? सांगलीला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, चारूताईच्या सासरीसुद्धा याचा पत्ता नव्हता. आईचा दंडक असा, की ह्या विषयावर परक्यासमोर बोलायचं नाही आणि कार्डावर तर एक अक्षर लिहायचं नाही, कारण सांगलीला आलेलं कार्ड ताईचे सासरे मोठ्याने वाचत.

दादा कोरेगावला, कऱ्हाडला गेला तो आईच्या नकळत, आणि आल्यावर बोलणी खाऊन. दोन्ही रस्ते तसे सपाटीचे, असं तो म्हणे. सपाटीचे म्हणून आई गप्प बसली. पण सेहेचाळीस सालच्या पाडव्याआधी त्याने मनात घेतलं ते वेगळं होतं. लढाई संपली होती, नवे टायर आले होते. साखळीला तेल घालता घालता त्याने मला सांगितलं, "विनू, यंदा दोन गोष्टी. अक्षय्य तृतीयेला यवतेश्वरचा घाट चढायचा, पाय न टेकता. आणि दिवाळीला एका दिवसात सांगली."

यवतेश्वरचा घाट आमच्या गावाच्या डोक्यावरच आहे. तेव्हा तो कासच्या तळ्याकडे जाणारा खडीचा अरुंद रस्ता होता. धडधाकट पोरंही अर्ध्यात उतरून सायकल ढकलत नेत.

हे आईच्या कानावर गेलं. पण नेमकं तेव्हाच चारूताईचं बाळंतपण आलं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ताईला माहेरी येता येईना, आईलाच सांगलीला जावं लागलं. जाण्यापूर्वी तिने दादाला पुष्कळ सांगितलं. तो नुसता हसला. तेव्हा सर्व्हिस मोटारीत बसता बसता आई हरीकाकांना म्हणाली, "हरीभावजी, शरूने घाटाचं काहीतरी डोक्यात घेतलंय. तुमचं ऐकतो तो. पाडव्याला तेवढा संकल्प सोडायला लावा त्याला."

दुखणं सांगायचं नव्हतं, म्हणून कारण सांगितलं नाही. घरच्या बोलण्यात संकल्प सोड म्हणजे तो नाद सोड. पण हरीकाकांचा सारा जन्म ताम्हन-पळीत गेलेला. भिक्षुकाच्या तोंडी संकल्प सोडतात तो हातावर पाणी घेऊन. ते पाणी ताम्हनात पडलं की संकल्प पक्का झाला, मग मागे फिरायचं नाही. हरीकाकांच्या कानाला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. आई त्यांना काय म्हणाली होती ते पुष्कळ वर्षांनी एकदा तांदूळ निवडताना तिने मला सांगितलं. त्या पाडव्याला मला एवढंच दिसलं, की गुढी उभारून झाल्यावर हरीकाका ताम्हन घेऊन आमच्या घरी आले.

"बस पाटावर," ते दादाला म्हणाले. "तुझी आई मला सांगून गेलीय. घाटाचा संकल्प तुझ्याकडून विधिपूर्वक सोडवून घ्यायचा."

दादाचा विश्वास बसेना. "आई म्हणाली असं?"

"मोटारीत पाय ठेवता ठेवता म्हणाली. खोटं सांगीन का सणाच्या दिवशी?"

दादा मान खाली घालून पाटावर बसला. इतका लाजलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. लहानपणापासून त्याला साधी कळशी उचलू दिली नव्हती आईने. त्याच्या वयाची मुलं तालमीत जात, तळ्यात उड्या मारत, आणि हा ओट्यावर बसून त्यांचे कपडे राखी. ती आई आता हो म्हणाली होती. हरीकाकांनी वर्ष, महिना, तिथी उच्चारली. सायकलला संस्कृत शब्द आठवेना म्हणून त्यांनी 'द्विचक्र' बसवला आणि स्वतःवरच खूष झाले. दादाच्या तळव्यावरून पाणी ताम्हनात पडलं.

मी बारा वर्षांची होते. डॉक्टरांचं बोलणं मला माहीत होतं. पण मोठ्या माणसांनी आपसांत ठरवलेलं त्यांनाच कळत असेल, असं समजायचं माझं वय होतं.

पुढे चैत्रातच हरीकाका एका मुंजीसाठी सांगलीला गेले. कृष्णेच्या घाटावर त्यांना आई भेटली. बाळाची दुपटी धुवायला आली होती. तिने पहिलं विचारलं ते हेच, "सोडला का हो शरूने संकल्प?"

"सोडला तर. पाडव्यालाच, माझ्यासमोर."

आईने नदीला हात जोडले. तिच्या डोळ्यांना पाणी आलं. ताईच्या अंगात अजून ताप होता, आणि दादाच्या काळजीने आईचा एक पाय साताऱ्यात होता. आता घोर मिटला, ताईची चांगली उठबस होईपर्यंत राहते, असं तिने काकांना सांगितलं आणि बारशाचे पेढे बांधून दिले. हरीकाकांनी परत येऊन ते पेढे दादाच्या हातावर ठेवले आणि आईचे डोळे कसे भरून आले ते वर्णन करून सांगितलं. दादा अंगणात जाऊन सायकल पुसत बसला.

अशा रीतीने त्याला अडवू शकणारं एकच माणूस सांगलीत निश्चिंत झालं आणि सातारच्या घरात मी त्याच्याकडे बघत राहिले.

आई नव्हती म्हणून मला जास्त दिसायला लागलं. माडीचा जिना चढताना तो मध्येच चपलेचा पट्टा नीट करायला वाके आणि पट्टा तर नीटच असे. तो रात्री उशा रचून भिंतीला टेकून झोपू लागला. विचारलं तर म्हणाला, ढेकूण झालेत. शर्टाच्या वरच्या गुंडीच्या जागी, गळ्याच्या खळगीत, कातडीखाली काहीतरी उडताना दिसे. एका रविवारी सराव म्हणून तो कोरेगावला जाऊन आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "समोरून वारा होता फार," तो म्हणाला. त्या दिवशी अंगणातल्या पेरूचं पानसुद्धा हललं नव्हतं.

मी एकदाच धीर करून म्हटलं, "दादा, डॉक्टर नको म्हणाले होते ना?"

"डॉक्टरांनी मला लहान असताना पाहिलं होतं," तो म्हणाला. "आईने आत्ता पाहिलंय."



अक्षय्य तृतीयेला उजाडताच आम्ही निघालो. मी पायवाटेने वळणं कापत वर जायचं आणि पाय टेकला नाही याला साक्षी राहायचं, असं ठरलं होतं. घाटाच्या पायथ्याशी यवतेश्वरचा आकाराम भेटला. तो आम्हाला दूध घालायचा. रिकाम्या घागरी घेऊन परत निघाला होता. दादाने बेत सांगितल्यावर त्याने सायकल खालवर पाहिली.

"दादा, ह्या घाटात आमची म्हस बी चार जागी थांबती."

"म्हशीने संकल्प कुठे सोडलाय?" दादा म्हणाला आणि पायडलवर उभा राहिला.

पहिली दोन वळणं तो गाणं गुणगुणत गेला. मी वरून त्याची खाकी टोपी पाहत होते. तिसऱ्या वळणानंतर गुणगुणणं थांबलं. मग सायकल रस्त्याच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरपी जाऊ लागली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली सगळा सातारा पसरलेला, आणि मध्ये ती काळी सायकल मुंगीच्या गतीने. आकाराम माझ्यामागून येत होता. त्याची बडबड चालू होती, तीही बंद झाली. शेवटच्या वळणावर मी आधी जाऊन उभी राहिले. दादा दिसायच्या आधी त्याचा श्वास ऐकू आला. करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. मला ओरडावंसं वाटलं, उतर. पण आईचा आशीर्वाद मोडायचा अधिकार माझ्यापाशी आहे असं वाटेना.

देवळाकडे वाट फुटते तिथे तो सपाटीवर आला. पाय टेकला नव्हता. पण आता तो उतरेना. सायकल हळूहळू गोल फिरू लागली, एक फेरा, अजून एक. त्याला उतरायचं होतं आणि पाय उचलत नव्हता, हे आकारामने ओळखलं. घागरी टाकून त्याने हँडल धरलं आणि दादाला काखेत घेऊन खाली घेतलं. दादाचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे झाले होते.

"टेकला नाही ना, विनू?"

"नाही."

तो हसला, पण हसायलाही श्वास पुरला नाही.

"आवं ताई, दादांस्नी लय दम लागलाय," आकाराम मला म्हणाला. एरवी तो मला पोरी म्हणायचा. "तुमी हितंच बसा. म्या गाडी जुंपून आणतो."

बैलगाडीतून आम्ही त्याला घरी आणलं. पेठेतल्या डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुडी दिली आणि दाराशी जाऊन हरीकाकांना विचारलं, ह्याचं कुणी मोठं आहे का? हरीकाकांनी सांगलीला तार केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. तारेत कारण नव्हतं. ती आत आली तेव्हा दादा उशांना टेकून बसला होता. त्याच्या घोट्यांवर सूज होती. आईने त्याच्या कपाळावर हात ठेवला.

"आई, जमलं," तो म्हणाला. एकेक शब्द वेगळा काढून. "घाट चढलो. तू हो म्हणालीस म्हणून."

आईला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं, मग हरीकाकांकडे. ते उंबऱ्यात उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगून गेलात तसा मीच सोडवला संकल्प. उदक सोडून. त्याने तो पुरा केला हो."

आईचा हात कपाळावर होता तिथेच थांबला. तिच्या तोंडावरून एकामागून एक काय काय गेलं ते मी पाहिलं. दादा तिच्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं ती काहीतरी चांगलं म्हणेल.

"हो," आई म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

ते वाक्य तिने पुन्हा कधी मागे घेतलं नाही. ज्येष्ठ लागायच्या आत दादा गेला. पेठेत बायका दबक्या आवाजात म्हणत, आईनेच परवानगी दिली, असली कसली आई. आईने ऐकून घेतलं. हरीकाका म्हातारे होऊन गेले, पण आपल्या हातून काय झालं हे त्यांना तिने कळू दिलं नाही. दरवर्षी दादाचं श्राद्ध तेच चालवत.

मला मात्र ती दुपार आठवते. हरीकाका घरी गेल्यावर दादा म्हणाला, "आता दिवाळीला सांगली, आई."

वाटलं, आता तरी ती रागावेल. ती पदर खोचून त्याच्या अंथरुणाशी बसली आणि म्हणाली, "मग पहाटे निघायला हवं. कऱ्हाडला ऊन चढायच्या आत पोचलास तर बरं. तिथे थांब."

"कऱ्हाडला नाही थांबायचं. पुढे पेठ गावाला."

"बरं, पेठला. तिथून इस्लामपूरपर्यंत सावली आहे रस्त्याला. मी आत्ता बघत आले. आष्ट्याला माझी मावसबहीण आहे, रंगूताई. तिच्याकडे ताक घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही."

"हं," दादा म्हणाला. प्रत्येक गावाला तो असा हुंकार देत होता, आणि दोन हुंकारांमध्ये मी त्याचा श्वास ऐकत होते. आष्ट्याच्या पुढे हुंकार थांबला. त्याला झोप लागली होती. तरी आई बोलायची थांबली नाही. त्याच आवाजात, त्याच्या पायावरून हात फिरवत, तिने त्याला उसाच्या मळ्यांमधून नेलं, आयर्विन पुलावर वारा असतो, तिथे सावकाश घे म्हणाली, नदी ओलांडून गावभागात वळवलं, आणि चारूताईच्या दारापर्यंत नेऊन पोचवलं.