डोळे देणाऱ्या घरचा सत्कार

टाचणी पदरात शिरत नव्हती. सॅटिनचं लाल फूल, त्याखाली 'सत्कारमूर्ती' असं सोनेरी अक्षरांत छापलेली फीत आणि मागं ही बोथट टाचणी – क्लबातली कुणाची तरी सून ती शिवकन्याच्या खांद्यापाशी टोचू पाहत होती, "काकू, जरा हलू नका हं" म्हणत होती, आणि शिवकन्या हलत नव्हतीच; दिवाळीपासून ती अशीच तर उभी होती, कुणी काही टोचावं, कुणी खांद्यावर शाल घालावी, कुणी 'धन्य आहात' म्हणावं, आणि आपण हलू नये... तिच्या नवऱ्याच्या, राजशेखरच्या शर्टावरही दर कार्यक्रमात असलं फूल असायचं. घरी आला की तो ते काढून फ्रिजवर ठेवायचा आणि विसरायचा.

हायवेवरून हैदराबादकडं जाणारा ट्रक गेला आणि मंगल कार्यालयाचे पत्रे थरथरले. हॉलच्या एका अंगाला डोळ्यांची तपासणी चालली होती. एकेका डोळ्यावर तळहात ठेवून म्हातारी माणसं भिंतीवरची अक्षरं वाचत होती, न दिसणारं अक्षर अंदाजानं सांगत होती, आणि चुकलं की लहान मुलांसारखी ओशाळत होती. दुसऱ्या अंगाला व्यासपीठ. मागं फलक – नेत्रदान पंधरवडा. उमरग्यात हे सगळं राजशेखरनंच सुरू केलेलं. टायरचं दुकान नोकरावर टाकून तो गावोगाव हिंडायचा, पारावर बसून लोकांना समजावून सांगायचा. तेव्हा ती त्याला हसायची. 'मेलेल्या माणसाचं मागत फिरणारे तुम्ही...' ती म्हणायची. आणि तो म्हणायचा, मागतोय कुठं, सांगतोय फक्त.

सकाळी निघताना तिनं सासूबाईंना विचारलं होतं, "अव्वा, येताय?" इरम्मा देवापुढं बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "म्या येनार न्हाय." एवढंच. दिवाळीपासून त्या घरात एवढंच बोलणं होतं – दूध उतू जातंय, दार लाव, पाणी आलंय. त्यात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं.

भाऊबिजेच्या सकाळी राजशेखर अंगणात स्कूटर पुसता पुसता खाली बसला तो उठलाच नाही. दवाखान्यातून त्याला परत आणला तेव्हा दारातली रांगोळी अजून ओली होती... की तसं नुसतं वाटलं होतं? मग हिंमतराव आले, क्लबचे अध्यक्ष, राजशेखरचे जिवाभावाचे. ते तिच्यापुढं उकिडवे बसले, त्यांचे डोळे लाल झालेले. "वहिनी, राजाची इच्छा होती. वेळ फार नसतो. बोलवू ना डॉक्टरांना?" त्याच क्षणी शेजारच्या बाईनं पाण्याचा पेला पुढं धरून विचारलं, "पिता का थोडं?" आणि शिवकन्यानं मान हलवली.

कुणाला हलवली?

हे तिनं स्वतःला इतक्यांदा विचारलं होतं, की आता तो प्रश्नही कुणी दुसऱ्याचाच वाटायचा. घशाला कोरड पडली होती हे आठवतं. पाणी प्यायलेलं आठवत नाही. डॉक्टर आले, आतल्या खोलीचं दार लागलं, उघडलं. संध्याकाळी त्याला बसता करून, कपाळाला भस्म लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून मळ्याकडं नेलं. गावातले जंगम आले होते, सगळं लिंगायतांच्या रीतीप्रमाणं झालं. खड्ड्यात उतरवायच्या आधी इरम्मा वाकून त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडं बघत राहिल्या. मग अगदी हलक्या आवाजात, जणू त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणाल्या, "लिंग दिलंसा हातात. बघंल कशानं?"

हिंमतरावांनी समजावलं – आई, वरचा पातळ पापुद्रा फक्त, डोळे तसेच आहेत. इरम्मांनी ऐकलं. पण शिवकन्याच्या आत तो प्रश्न जो शिरला तो शिरलाच. शाळेत चौथीच्या वर्गात शुद्धलेखन सांगताना, बसस्टँडवर, भाजी निवडताना – कुणी मान वर केली की ती त्याच्या डोळ्यांत बघायची. डोळे मिळालेल्याचं नाव सांगत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. नियम राजशेखरनंच तिला सांगितलेला. तरी बघायची.

"...आणि क्षणाचाही विलंब न लावता या माउलीनं होकार दिला!" हिंमतराव माइकवर बोलत होते. टाळ्या. शिवकन्यानं हात जोडले. "आज आपल्यात जिल्ह्यातल्या वाशीकडचे गोरोबा आलेत. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला हा माणूस आज एकटा एसटीनं इथवर आला. कुणाचं दान कुणाला मिळालं, हे विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं..." ते थांबले. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "पण समजणाऱ्यानं समजावं."

हॉलमधली सगळी तोंडं एकदम तिच्याकडं वळली.

शेजारच्या खुर्चीत एक काटकुळा माणूस येऊन बसला. पांढरी टोपी, अंगाला मेंढरांचा वास. शिवकन्याला मान वळवता येईना. छातीत काहीतरी इतकं जोरात धडधडत होतं, की ते लाल फूल हलत असेल असं तिला वाटलं. मग तिनं पाहिलं. उजवा डोळा पांढुरका, निजलेला. डावा स्वच्छ, काळा. त्या डोळ्यानं तो तिच्याकडं संकोचून बघत होता, एखाद्या मास्तरीणबाईकडं बघावं तसा.

"कधी झालं ऑपरेशन?" तिनं विचारलं.

"परवाच्या पोळ्याला वर्स झालं की बाई. पट्टी सोडली आन् शेजाऱ्याच्या बैलाच्या शिंगाची बेगड दिसली पैली. लई चमकत हुती."

पोळा. त्यानंतर गणपती, दसरा, आणि मग दिवाळी... गेल्या वर्षीच्या पोळ्याला राजशेखर जिवंत होता. पुरणपोळी जास्त झाली म्हणून दुपारी झोपला होता, घोरत होता. ह्याचा डोळा उघडला तेव्हा राजाचे डोळे राजाच्याच चेहऱ्यावर मिटलेले होते, नुसत्या झोपेनं. तिनं हिंमतरावांकडं पाहिलं. ते खोटं बोलले नव्हते. त्यांनी फक्त जागा रिकामी सोडली होती आणि लोकांनी ती भरून टाकली होती.

सभा मोडत होती. चहाचे कागदी कप फिरत होते. आणि तेवढ्यात माणसं बाजूला सारत, एक हात भिंतीला लावत, इरम्मा व्यासपीठाच्या पायऱ्या चढताना तिला दिसल्या. कधी आल्या होत्या, कुठं उभ्या होत्या, कुणास ठाऊक. त्या थेट गोरोबापुढं आल्या.

"पोरा, हिकडं बघ."

तो गडबडून उभा राहिला. "म्हातारे, कुनाचं हाय मला ठाव न्हाय. सांगत न्हाईत."

"मला ठाव हाय." इरम्मांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली, आतलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि तळहात त्याच्या तोंडापुढं धरला. "हे दिसतंय का?"

गोरोबा वाकला. अगदी मन लावून बघितलं त्यानं. "दिसतंय की. काळं हाय. गुळगुळीत."

"नीट दिसतंय?"

"व्हय आज्जे. नीट दिसतंय."

"अव्वा –" शिवकन्या म्हणाली. इरम्मा वळल्या. दिवाळीनंतर पहिल्यांदा त्यांनी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं, आणि त्या नजरेत असं काही सैल झालेलं होतं, सुटलेलं होतं, की शिवकन्याच्या ओठांवर आलेला पोळा, दिवाळी, सगळे सण तिथंच विरघळले. हिंमतराव रुमालानं डोळे टिपत होते.

रिक्षात इरम्मा बोलत राहिल्या. इतक्या महिन्यांचं साचलेलं एकदम. रविवारी त्याला जेवाया बोलव. हुग्गीची खीर करू. खपली गहू हाय डब्यात, रातीच भिजू घालू. राजाला लई आवडायची, न्हाय का? पोरगं वाळलंय लई, बायको हाय का न्हाय कुनास ठाव, तू इचारलंस का? आणि बोलता बोलता त्यांनी शिवकन्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "बरं केलंस बाई तू. म्या खुळी."

शिवकन्यानं गुडघा हलवला नाही. रस्त्याकडेची गॅरेजं, रसवंती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या मागं जात होत्या. सांगायला हवं, आज नाही तर उद्या, रविवारच्या आधी... पण सांगण्याचा विचार मनात येत होता तो दुरून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. आणि त्याच्याखाली, जिथं आजवर नुसतं ओझं होतं तिथं, काही वेगळंच हलत होतं, आणि त्याचं नाव कळताच ती दचकली. तिला हेवा वाटत होता. ह्या म्हातारीचा. त्या घरात इतके दिवस दोघी होत्या – बोलत नसल्या तरी दोघी, एका भिंतीच्या अलीकडं पलीकडं, एकालाच शोधणाऱ्या. अव्वांना तो आज सापडला.

आता शोधणारी मी एकटीच.

"गूळ हाय का गं घरात?" इरम्मांनी विचारलं.

"आहे," ती म्हणाली, आणि त्या हाताखाली गुडघा तसाच ठेवून समोरून येणाऱ्या माणसांच्या डोळ्यांकडं बघत राहिली.