सोबतीचा रकाना

शिंप्याने गळ्यातली टेप काढून खिशात कोंबली आणि मान खाली घालूनच कागद खिडकीतून आत सरकवला.

"बसा," आतून आवाज आला.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून त्याने मान वर केली. धाकटी बहीण! सात वर्षांत त्याने तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहायची हिंमत नव्हती म्हणा.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचे दोन दवाखाने टाळून तो इथे आला होता. पूर्वी एचआयव्हीच्या गोळ्या फक्त मोठ्या शहरात मिळायच्या. मग सरकारी दवाखाना, परदेशातली एक संस्था आणि औषधांचा एक कारखाना अशा तिघांनी करार केला, आणि गोळ्या इथेच फुकट मिळू लागल्या. करारात एक अट होती: फॉर्म भरून घ्यायला त्याच गोळ्या घेणारं माणूस बसवायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

"सोबती कोण?" तिने विचारलं. "रोज गोळीची आठवण करून देणारं माणूस. हा रकाना भरल्याशिवाय बाटली देता येत नाही."

त्याने खिशातली टेप बोटाभोवती गुंडाळली.

"घरी सांगितलंय?"

"नाही."

सात वर्षांपूर्वी हाच रकाना भरून घ्यायला ती त्याच्या दुकानात आली होती. नवरा नुकताच गेला होता. "माझं नाव कुठे घालू नकोस," तो मशीन न थांबवताच म्हणाला होता. ती गेल्यावर त्याने ती बसलेलं स्टूल फिनेलने पुसायला घेतलं. विसरलेली पिशवी न्यायला ती परत आली, तेव्हा फडकं त्याच्या हातातच होतं. आत्ता ते आठवून त्याला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

"तेव्हा तुझा रकाना कोणी भरला?" त्याने विचारलं.

"रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजींनी."

तो उठला. "येतो मी."

"बसा म्हटलं ना."

तिने रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, भरभर, रोजची सवय असल्यासारखं. पुढच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

"नातं काय लिहू, दादा?"

त्याने मागे वळून पाहिलं. रांग दारापर्यंत गेली होती.

"बहीण," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.