ओळखीच्या हाताला सुटलेली कडी

“कडी लागलेलीच नव्हती, मासी! दार उघडंच होतं.”

“उघडं? मनी पोर बाळंतीण शे आठे, नऊ दिवसांची! ती दार उघडं टाकून शेक घेईल का हो?”

घरमालक भूपेंद्र खोटं बोलतोय. मी त्याच दाराची आतली कडी बोलतेय, सुरतेच्या नवागाममधल्या एका भाड्याच्या खोलीची. गायत्रीने, त्या बाळंतीण पोरीने, मला कोयंड्यात नीट घातलं होतं. सुटले ती मी. माणसांना माझं ऐकू जात नाही, म्हणून तुमच्यापाशी कबूल करते.

पांडेसऱ्याच्या एका लोहाराने सळईच्या तुकड्यातून मला वळवलं. शाळा पाहिली नाही, दाराला कान लावून शिकले तेवढंच. पण तोरा केवढा! भिंती काय, कुणाच्याही उभ्या राहतात. घराला घर करते ती कडी, असं मी ठणकावून सांगायचे.

भूपेंद्र याच खोलीत वाढला. खेळून उशीर झाला की बापाच्या धाकाने तो बाहेरून दार किंचित वर उचलायचा, दोनदा हलवायचा, आणि मी चुपचाप सुटायचे. पोराचा मार चुकवला म्हणून स्वतःचंच कौतुक करून घ्यायचे.

पुढे ते लोक फ्लॅटमध्ये गेले आणि ही मासी, सुभद्राबाई, भाड्याने आली. धुळ्याकडची बाई, चिडली की अहिराणीवर येते. माझ्या शेजारी बसून साड्यांवर खडे चिकटवते. साड्यांच्या गठ्ठ्यावरच्या चिठ्ठ्या वाचून वाचून गुजराती शिकली, ती भाडेकरार वाचण्याइतकी. “खोली कुणाला दाखवायची तर आदल्या दिवशी सांगून, आणि मी घरात असताना. हे लिहा, मग सही,” असं तिने बजावलं होतं. भूपेंद्रने हसत लिहिलं, आणि लहानपणी आपण ही कडी बाहेरून कशी काढायचो तेही गमतीत सांगून गेला.

यंदा त्याने खोली विकायला काढली. दोनदा सांगून आला, तर सुभद्राबाईने गिऱ्हाइकाला चहासुद्धा पाजला. आज मात्र खोली बघायला आलेल्या बारडोलीच्या नवराबायकोला परतायची घाई होती. सुभद्राबाई साड्यांचा गठ्ठा पोचवायला गेलेली. दार वाजलं. गायत्री आतून म्हणाली, “आई बाहेर गेलीय, नंतर या.”

दार किंचित वर उचललं गेलं. दोनदा हललं.

पंचवीस वर्षांनी तो हात लागला, आणि मी मेली ओळखून सुटले!

बाजेखाली निखारे, बाजेवर उघड्या पाठीची गायत्री, आणि गिऱ्हाइकाच्या हातात व्हिडिओ काढणारा मोबाइल. पोरीला चादर ओढायलाही सवड मिळाली नाही. बाळ किंचाळलं. गंज चढला तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. बायांनो, आपल्या दाराची कडी एकदा बाहेरून हलवून बघा. कुणाच्या जुन्या ओळखीने सुटत असेल, तर आजच बदला.

तेवढ्यात सुभद्राबाई परतली, आणि भांडण पेटलं.

“मी लावली होती गं, आई,” गायत्री रडत पुन्हापुन्हा तेच सांगत होती.

सुभद्राबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. आधी मोबाइलमधला व्हिडिओ पुसायला लावला. मग तिघांना बाहेर काढलं, स्वतःही बाहेर उभी राहिली. “गायत्री, लाव कडी. हां, ढकला आता!”

गिऱ्हाइकाने ढकललं. त्याच्या बायकोनेही खांदा लावून पाहिलं. मी दात रोवून धरलं.

“आता तुम्ही, भूपेंद्रभाई. लहानपणी करायचात तसं.”

उचल रे बाबा, मी मनात म्हटलं. सुटू दे मला सगळ्यांदेखत. मग भंगारात घाल, पण पोरीवरचा आळ जाऊ दे.

त्याचा हात काही वर आला नाही. बारडोलीच्या बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली, आणि नवऱ्याची बाही ओढली.

“पण घर तो मारुं छे ने, मासी?” तो पुटपुटला.

सुभद्राबाईने आवाज चढवला नाही.

“घर तुमचंच आहे, भूपेंद्रभाई, खुशाल विका, पण त्याची कडी आतून लागते.”