कार्डाच्या बॅटरीची फाइल

हिमांशूचं काम काय, हे सांगायला बसलं की ऐकणारा पाणी प्यायला म्हणून उठतो तो परत येत नाही. तरी सांगतो. कंप्युटर आणि त्याच्या डिस्का यांच्यामधे एक कार्ड असतं. आलेली माहिती ते आधी स्वतःकडे ठेवून घेतं आणि मग सावकाश डिस्कवर लिहितं. मधेच वीज गेली तर कार्डाची छोटी बॅटरी ती माहिती सांभाळते. बॅटरी मेलेली असेल तर गेलं सगळं. आणि ती जिवंत की मेलेली, हे विचारायची सोय फक्त ॲडमिनचा पासवर्ड असणाऱ्याला. बाकीच्यांनी काय, वीज जायची वाट बघायची?

हिमांशूला हे खटकायचं. चिकलठाण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेली, सोसायटीत दर चौथ्या दिवशी टँकर. दिवसच्या दिवस तो कुणाशी बोलायचा नाही. त्यानं कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, एक भर लिहिली. कुणीही साधी फाइल उघडावी आणि आत एकच शब्द वाचावा, चांगली किंवा खराब.

पण कर्नलमध्ये काही घालायचं तर ते आधी मेलवर जगासमोर मांडावं लागतं, आणि तिथली जाणती मंडळी त्याचा कीस काढतात. दोन वर्षं काढला. शेवटी एका बड्या असामीनं कळवलं, की कुणाही येरागबाळ्यानं कार्डाला सारखं विचारत बसू नये. फाइल फक्त ॲडमिनलाच उघडू द्या, मग घेतो. हिमांशूला हे मुळीच पटलं नाही. पण नाव लागेल, आपण कुठंतरी आहोत हे दिसेल, या आशेनं त्यानं मान तुकवली. फाइल कुणी उघडायची ते ठरवणारा एक आकडा बदलला, काम झालं. पेढे आणले, पण द्यायचे कुणाला? वॉचमन कडुबाला दोन दिले आणि उरलेले चार दिवस एकट्यानं खाल्ले.

पुढच्या उन्हाळ्यात मेल आली, चक्क मराठीत. गुलमंडीतल्या एका छोट्या संस्थेत काम करणाऱ्या मोनिकाची. तिचे वडील रामकिसन यांनी अठरा वर्षं दोर सोडून पैठणच्या आसपासच्या विहिरींचं पाणी मोजलं होतं. तिनं ते सारं कंप्युटरवर चढवलं. वह्या रद्दीत गेल्या, दुसरी प्रत उद्या-उद्या म्हणत राहून गेली, आणि एका दुपारी वीज गेली. बॅटरी मेलेली निघाली, अर्धवट लिहिलेल्या डिस्कवरचं काहीच वाचता येईना. आठवडाभर आधीच तिनं बॅटरीची फाइल उघडायला घेतली होती. मशीननं नकार दिला, आणि पासवर्डवाला रजेवर गावी. कर्नलमध्ये हिमांशूचं नाव सापडलं, म्हणून लिहिलं. त्या फाइलीत मी बघू नये असं काय होतं, एवढंच तिला विचारायचं होतं.

आपल्याच शहरातून, आपलं नाव वाचून कुणी लिहिलं, याचा त्याला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाचीच शरम वाटली. मेलला उत्तर न देता तो सरळ गुलमंडीला गेला.

कापडदुकानावरच्या खोलीत तिनं अर्धा पेला पाणी पुढं ठेवलं.

"काही नव्हतं," तो म्हणाला. "एक शब्द होता."

"मग बंद का ठेवली?"

"उघडी ठेवली असती तर माझं काम घेतलं नसतं. मला नाव हवं होतं."

मग तिनं सांगितलं, की वडील रोज फोन करतात, विहिरींचं पुस्तक कधी छापणार म्हणून विचारतात. त्यांना अजून सांगायचा धीर झालेला नाही.

हिमांशूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो घाईघाईनं बोलत सुटला. फाइल सगळ्यांना उघडी करून द्या म्हणून आता भांडतो, आणि चूक दाखवणाऱ्याचं नाव खाली लिहायची तिथं पद्धत आहे, तेव्हा तुमचंही नाव लागेल.

"नाव तुम्हाला लागतं सर, मला नाय," मोनिका म्हणाली. "मला माझ्या बापाच्या विहिरी पायजे होत्या. या आता."

घरी येऊन त्यानं तोच आकडा पुन्हा बदलला. कारण सविस्तर लिहिलं, मोनिकाचं नाव कुठं घातलं नाही. आपलंही घालू नये असं त्याला फार वाटलं. पण बिननावाचं काम तिथं घेत नाहीत. तेव्हा त्यानं आपलं नाव टाइप केलं आणि मेल पाठवली.