लिंबू-साखरेचे पॅनकेक

शनिवारी सकाळी आम्ही नवरा-बायको कोपऱ्यावरच्या कॅफेत पॅनकेक खायला जातो. लग्न करून कॉव्हेंट्रीत आलो तेव्हापासूनचा, म्हणजे सेहेचाळीस वर्षांचा हा परिपाठ. कॅफेचे मालक तीनदा बदलले, आमचं खिडकीजवळचं टेबल नाही बदललं. रेखाला पॅनकेकवर फक्त लिंबू आणि साखर लागते. सिरप दिसलं की ती नाक मुरडायची. आता मुरडत नाही, समोर येईल ते खाते.

त्या शनिवारी आमची मुलगी ईशानी लंडनहून मुद्दाम आली होती. एका केअर होममध्ये तिच्या आईसाठी खोली मिळाली होती आणि सोमवारी होय की नाही ते कळवायचं होतं. मी ऐकायला तयार नव्हतो. भांडून भांडून शेवटी आमचं एका गोष्टीवर ठरलं होतं. रेखा मला ओळखते आहे तोवर ती घरी राहील. ओळखेनाशी झाली की मी मुकाट्याने सही करायची. मी छातीठोकपणे हो म्हटलं होतं. रेखा गॅस बंद करायला विसरायची, स्वतःचा वाढदिवस विसरली होती, पण मला ‘अहो’ म्हणायला विसरली नव्हती.

लग्न झाल्यापासून तिने माझं नाव कधी घेतलं नाही. जीपीकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, रिसेप्शनवर नवऱ्याचं नाव विचारलं की ती कागद पुढे सरकवायची आणि नावावर बोट ठेवायची. मी किती वेळा म्हटलं असेल, अगं बाई, इथे ऐकायला कोण बसलंय, एकदा म्हण की! ती लाजायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची.

पॅनकेक आले. मी तिच्या पॅनकेकवर लिंबू पिळलं, साखर भुरभुरवली, लहान तुकडे केले. तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “छान झालंय.” मला एवढं बरं वाटलं की दुसरी प्लेट मागवावी असं मनात आलं. तेवढ्यात ईशानीने माझ्याकडे बोट दाखवलं.

“आई, हे कोण आहे?”

मला राग आला. भर कॅफेत कसली परीक्षा घेतेस, असं म्हणणारच होतो. पण रेखाने काटा खाली ठेवला, माझ्याकडे नीट बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, “शशिकांत.”

ईशानी रडायलाच लागली. “ओ माय गॉड! बाबा, आईने तुझा नाव घेतला! शी नोज यू! आय ॲम सो सॉरी, मी उगाच तुझ्या मागे लागली. थांब, मी त्यांना आत्ताच फोन करते, रूम नको म्हणून.” आणि फोन घेऊन ती बाहेर पळाली.

माझी बायको मला नावाने हाक मारत नाही. मारायची ती लग्नाच्या आधी, मी तिच्या थोरल्या भावाचा, हरीशचा, नुसता मित्र होतो तेव्हा.

“रेखा,” मी हळूच विचारलं, “मी कोण गं तुझा?”

तिने घाईघाईने कार्डिगनची बटणं लावली. “हरीशदादा घरी नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही नंतर या.”

“बरं,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? लग्न गेलं, कॉव्हेंट्री गेली, ईशानी गेली, आणि मी परत तिच्या माहेरच्या दारात उभा राहिलो. रडायची सोय नव्हती, कारण खिडकीबाहेर ईशानी फोनवर हसत डोळे पुसत होती.

ती आत आली. “सांगितला त्यांना. आई घरीच राहणार. हॅपी ना, बाबा?”

शब्द पाळायचा तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी “हो,” म्हणालो, आणि मुलीच्या नजरेला नजर न देता चहा संपवला.

निघताना रेखाला उठवायला मी नेहमीसारखा हात पुढे केला. तिने एकदा माझ्या हाताकडे बघितलं, मान खाली घातली आणि ईशानीचा हात धरला.